प्रमाण आणि प्रमाणाभास

१७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यात, बदनावर तालुक्यातल्या भैंसोला गावी पंतप्रधान आले होते. कापडउद्योगाच्या मोठ्या पार्कची पायाभरणी झाली, पोषण महिना सुरू झाला, आणि त्याच कार्यक्रमात ‘सुमन सखी’ नावाच्या चॅटबॉटचंही उद्घाटन झालं. गरोदर बाईनं मोबाईलवर प्रश्न विचारायचा, सखीनं उत्तर द्यायचं. सरकारी पत्रकानं या सखीबद्दल दोन गोष्टींची हमी दिली: माहिती वेळेवर मिळेल, आणि अचूक मिळेल.

‘वेळेवर’ म्हणजे काय, हे आम्हा बायकांना कुणी समजावून सांगायला नको. ‘अचूक’ मात्र विचारून घ्यावं लागतं. अचूक कुणाच्या मते? चूक झाली तर ती कुणाला दिसणार? आणि दिसली तर दुरुस्त कोण करणार? हे प्रश्न एकट्या सखीपुरते नाहीत. रेशन, पोषण आहार, पीकविमा, लाडली बहनाचा हप्ता, सगळीकडे आता माणूस आणि सरकार यांच्या मधे एक यंत्र येऊन बसलं आहे. ते कधी चेहरा ओळखतं, कधी नाव जुळवतं, कधी आकाशातून शेत बघतं. डिसेंबर २०२५मध्ये रोजगार हमीच्या जागी जो नवा कायदा आला, त्याच्या तर मजकुरातच नियोजनासाठी आणि गैरव्यवहार पकडण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याची तरतूद आहे. म्हणजे ही उद्याची गोष्ट राहिली नाही.

भैंसोल्याच्या कार्यक्रमानंतर दोन महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबर २०२५ला, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारभारासाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ती आयआयटी मद्रासचे प्राध्यापक बलरामन रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तयार केली आहेत. त्यात सात सूत्रं आहेत. मराठीत सांगायची तर अशी: विश्वास हा पाया, माणूस आधी, अडवणुकीपेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य, न्याय आणि समता, उत्तरदायित्व, समजेल अशी रचना, आणि सुरक्षितता, चिवटपणा, टिकाऊपणा. या सगळ्यांच्या मुळाशी एक तत्त्व सांगितलं आहे, ते म्हणजे अपाय करू नका. दस्तऐवज विचारपूर्वक लिहिलेला आहे. अल्पसंख्य, दुबळे, भाषेनं मागे पडलेले लोक यांचा विचार त्यात आहे, तक्रार-निवारणाचाही आहे. म्हणूनच तो नीट वाचायला हवा.

त्यांनी ‘सूत्र’ हा शब्द वापरला, त्यामुळे मला थोडं धीट व्हायला हरकत नाही. आपल्याकडे सूत्र आलं की त्यावर टीका आलीच. टीका म्हणजे उणीदुणी काढणं, हा अर्थ अलीकडचा. जुनी टीका म्हणजे सूत्राचा शब्द न् शब्द फोडायचा, विरुद्ध मत मांडणाऱ्याला पुरतं बोलू द्यायचं, आणि मग सूत्र टिकतं का ते बघायचं. अशी एक मोठी टीका याच धारेत लिहिली गेली आहे. अकराव्या शतकात, भोजराजाच्या काळात, आचार्य प्रभाचंद्र इथं होते. माणिक्यनंदींच्या ‘परीक्षामुख’ या सूत्रग्रंथावर त्यांनी ‘प्रमेयकमलमार्तंड’ ही विस्तृत टीका लिहिली. विषय एकच: आपल्याला जे कळलं असं वाटतं, ते खरंच कळलं आहे हे कशावरून? म्हणजे प्रमाण कशाला म्हणायचं, आणि नुसता प्रमाणाचा भास कशाला.

हे मी पाठशाळेत शिकवायच्या थाटात सांगत नाही. भोजशाळेवरून आणि भोजावरून आमच्या गावात बोलणं पुष्कळ होतं, पण प्रभाचंद्रांचं नाव घरातही निघत नाही. आज मात्र अंगठा यंत्रावर टेकवला की पडद्यावर येतं, ‘प्रमाणीकरण सफल’ किंवा ‘प्रमाणीकरण असफल’. शब्द तोच आहे. ज्या गावात त्या शब्दावर हजार वर्षांपूर्वी एवढा खल झाला, तिथल्या माणसांनी तो यंत्राच्या तोंडून ऐकून नुसती मान डोलवावी, हे काही बरं नाही.

आधी पूर्वपक्ष, आणि तो पुरता. माणसाचा कारभार काही सोन्याचा नव्हता. मेलेल्यांच्या नावानं धान्य उचललं गेलं, न जन्मलेल्या मुलांच्या नावानं खाऊ वाटला गेला, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. काउंटरवरचा बाबू जात बघायचा, लुगडं बघायचा, ओळख बघायचा. यंत्र निदान चहापाणी तरी मागत नाही. एखाद्या नव्या सुनेला अंगावरून जातंय की पोट दुखतंय हे सासूला विचारायची चोरी असते, नर्सबाई खेकसते. रात्री पांघरुणात मोबाईलला विचारलं, आणि ‘हे धोक्याचं लक्षण आहे, आत्ता दवाखान्यात जा’ एवढं उत्तर मिळालं, तरी एक जीव वाचू शकतो. मध्यप्रदेशात हे लहान काम नाही. २०१८-२०च्या सरकारी नमुना नोंदणीत देशाचं मातामृत्यूचं प्रमाण लाखामागे ९७ होतं, तेव्हा मध्यप्रदेशचं १७३ होतं. त्यामुळे ‘हे यंत्र नकोच’ असं म्हणणारा माणूस बहुधा शहरातला आणि पोटभर जेवलेला असतो. पूर्वपक्ष इतका मजबूत आहे, हे मान्य करूनच पुढं जायचं.

आता अंगणवाडीत जाऊ. १ जुलै २०२५पासून घरी न्यायचा पोषण आहार देताना ‘पोषण ट्रॅकर’मध्ये चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. गरोदर बाई, स्तनदा आई, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या लेकराची आई, यांच्यासाठी हा आहार असतो. आधी आधारशी ओळख जुळवून घ्यायची, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगायचा, आणि मग वाटपाच्या वेळी फोनच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. चेहरा जुळला तर पाकीट मिळणार.

माणिक्यनंदींच्या ग्रंथात ओळखण्याला स्वतंत्र प्रमाणाचा मान आहे. त्याला ते प्रत्यभिज्ञान म्हणतात: आत्ता समोर दिसतंय ते, आणि पूर्वी पाहिलेलं आठवतंय ते, या दोन्हींना जोडून होणारं ‘हीच ती’ हे ज्ञान. सगळ्याच दर्शनांनी हे वेगळं प्रमाण मानलेलं नाही. जैन नैयायिकांनी मानलं, आणि लगेच ते चुकतं कुठं हेही सांगितलं. चूक दोन प्रकारची: सारख्या दिसणाऱ्याला ‘तोच हा’ म्हणणं, आणि त्याच माणसाला ‘हा नुसता त्याच्यासारखा’ म्हणणं. उदाहरण दिलंय जुळ्या भावांचं. आजच्या संगणकशास्त्रात चेहरा-पडताळणीच्या चुका मोजायची जी दोन मापं आहेत, ती नेमकी हीच. चुकीच्या माणसाला होकार, आणि खऱ्या माणसाला नकार.

पण या दोन चुकांचं ओझं सारख्या खांद्यावर पडत नाही. पहिल्या चुकीत सरकारचं एक पाकीट जातं. दुसऱ्या चुकीत बाईचं जातं, आणि तिचा दिवसही जातो. सरकारी कागदात या दोन्ही चुका एकत्र करून यशाची एकच टक्केवारी निघते. शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर, हे ऐकायला किती छान वाटतं! उरलेली एक बाई कोण? बहुतेक वेळा ती शंभरांतली कुणीही नसते. तीच ती असते. जिचं आधार लग्नाआधी काढलेलं, जिचा चेहरा बाळंतपणात आणि अंगात रक्त नसल्यामुळे बदललेला, जिच्या नावावरचा मोबाईल नवऱ्याच्या खिशात आणि नवरा गुजरातेत मजुरीला गेलेला. शंभर जणींना एकेकदा थोडा त्रास झाला असता तर तो वाटून गेला असता. इथं तोच त्रास दर महिन्याला एकाच दाराशी येतो, आणि टक्केवारीत तो दिसतसुद्धा नाही.

अंगणवाडीतली दीदी तिला ओळखते. तिनंच तिचं वजन केलेलं असतं, तिच्या लेकराच्या दंडाला पट्टी लावून मापं घेतलेली असतात. खरं प्रत्यभिज्ञान दीदीपाशी आहे. यंत्रापाशी आहे तो सारखेपणाचा एक आकडा, आणि तो आकडा ठराविक रेषेच्या खाली गेला की नकार. मग दीदीचं ओळखणं ग्राह्य का नाही? कारण दीदीवर विश्वास नाही. मला वाटतं, इथं पहिलं सूत्र उघडं पडतं. ‘विश्वास हा पाया’ असं लिहिलं आहे, पण कुणाचा कुणावर? जनतेनं यंत्रावर ठेवायचा, एवढाच अर्थ निघत असेल तर तो एकेरी रस्ता झाला. सरकारचा दीदीवर विश्वास नाही, बाईच्या शब्दावर नाही, गावाच्या साक्षीवर नाही. आणि यांच्यापैकी कुणालाच न विचारता आणलेल्या यंत्रावर मात्र या सगळ्यांनी विश्वास ठेवायचा.

आणखी एक गोष्ट. इंद्रियाचा वस्तूशी संपर्क झाला की तेच प्रमाण, असा एक पक्ष होता. जैन आचार्यांनी तो खोडून काढला. संपर्क जड आहे, प्रमाण म्हणजे ज्ञानच असायला हवं, असं ते म्हणतात. आणि कारण काय देतात? तर जे हिताकडं नेतं आणि अहितापासून वाचवतं ते प्रमाण, आणि हे सामर्थ्य ज्ञानातच असतं. कॅमेऱ्याचा चेहऱ्याशी संपर्क झाला, आकडा निघाला, उपाशी बाई परत गेली. हित काही साधलं नाही. याला प्रमाणीकरण म्हणायचं तर म्हणा, प्रमाण म्हणता येणार नाही.

चेहऱ्यानंतर नाव. मध्यप्रदेशात प्रत्येक कुटुंबाला आठ अंकी आणि प्रत्येक माणसाला नऊ अंकी ‘समग्र’ क्रमांक असतो. लाडली बहना योजनेचे पैसे जून २०२३पासून यायला लागले, त्यासाठीही समग्र आणि आधार जुळलेलं असावं लागलं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर बायकांच्या स्वतःच्या खात्यात पैसे आले, ही मोठीच गोष्ट. पण जुळणी म्हणजे काय, हे आम्हा माळव्यातल्या मराठी बायकांना विचारा! माहेरचं नाव एक, सासरी ठेवलेलं एक. मराठी रीतीनं मधे नवऱ्याचं नाव, हिंदी रीतीनं मधलं नावच नाही. ‘काळे’ लिहायला गेलं तर हिंदी कारकून ‘काले’ लिहितो, कारण त्याच्या बोलण्यात ‘ळ’ नाही. जैनांची आणखी मजा. शाळेच्या दाखल्यावर ‘जैन’, जमिनीच्या कागदावर आडनाव, धाकट्या भावाच्या आधारवर गोत्र. एका घरात तीन आडनावं निघतात, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. कारण गावाला माहीत असतं, कोण कुणाचं. यंत्राला ते एक कुटुंब नसून तीन संशयित वाटतात.

देवासच्या माणसांना दोन दरबारांची सवय होती. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन राजे, दोन कारभार. १९४८मध्ये संस्थानं मध्यभारतात विलीन झाली आणि ते संपलं. आता प्रत्येक माणसाच्याच दोन पात्या झाल्या आहेत. एक हाडामांसाची, आणि एक नोंदीतली. दोघींत तंटा झाला की खरी कुठली? माणूस खिडकीसमोर उभा राहून ‘मी आहे ना’ म्हणतो, आणि आतून आवाज येतो, ‘सिस्टममध्ये दिसत नाहीये.’ म्हणजे नोंद ही थोरली पाती ठरली, आणि माणूस धाकटी. दुसरं सूत्र सांगतं, माणूस आधी. खिडकीवर क्रम उलटा आहे.

याचं टोक कुठं जातं ते तेलंगणानं दाखवलं. तिथं वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र जोडणारी ‘समग्र वेदिका’ नावाची यंत्रणा आहे. योगायोगानं नावात ‘समग्र’ आहेच. त्या राज्यात सुमारे १९ लाख रेशनकार्डं संगणकाच्या निकषांवरून, घरोघर न जाता रद्द झाली होती. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की प्रत्यक्ष जागेवर जाऊन पुन्हा तपासा. न्यायालयात जायला किती वर्षं गेली, त्या वर्षांत चूल कशी पेटली, हे कुठल्या नोंदीत सापडणार? आणि हे फक्त गरीब देशात होतं असं नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनाचं अनुदान घेणाऱ्या हजारो पालकांना लबाड ठरवून पैसे परत मागितले गेले. कुणावर संशय घ्यायचा हे ठरवणाऱ्या प्रणालीत परकं नागरिकत्व हाही एक निकष होता. घरं मोडली. १५ जानेवारी २०२१ला तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. यंत्र चांगलं होतं की वाईट, हा प्रश्न तिथंही दुय्यम ठरला. यंत्रानं बोट दाखवलं आणि माणसांनी विचारणं बंद केलं, खरी गोष्ट ही होती.

तिसरं, शेत. पीकविम्यात उपग्रहाच्या चित्रांवरून उत्पादनाचा अंदाज काढायची पद्धत आली. गहू आणि भातासाठी २०२३च्या खरिपापासून, आणि सोयाबीनसाठी २०२४च्या खरिपापासून. देवास म्हणजे सोयाबीनचा जिल्हा. पूर्वी पटवारी यायचा, पीककापणीचा प्रयोग व्हायचा, त्यातही भानगडी होत्याच. पण तेव्हा बांधावर उभं राहून भांडता यायचं. उपग्रहाशी कुठल्या बांधावरून भांडायचं? नोव्हेंबर २०२५मध्ये खुद्द केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी एक रुपया, तीन रुपये, पाच रुपये अशा विमा-भरपाईला शेतकऱ्यांची थट्टा म्हटलं आणि चौकशी लावली. त्यात देवासला लागून असलेल्या सिहोरचे शेतकरी होते, आणि आपल्या अकोल्याचेही. त्या आकड्यांना नेमकं काय कारणीभूत होतं ते चौकशीवर सोडू. मला दिसतं ते एवढंच, की दाद लागायला मंत्र्याच्या टेबलापर्यंत जावं लागलं. सहावं सूत्र म्हणतं, समजेल अशी रचना. कुणाला समजेल अशी? ज्याच्या खात्यात एक रुपया आला, त्याला तो एक रुपया का आला हे समजलं पाहिजे. अभियंत्याला समजून काय उपयोग?

आता पुन्हा सुमन सखीकडं येऊ. चेहरा-यंत्र नकार देतं, सखी नकार देत नाही. तिचा धोका वेगळा आहे. तिला सगळं माहीत आहे असं वाटतं. धार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे निम्म्याहून अधिक, जवळजवळ ५६ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घरात भिली, भिलाली, निमाडी. देशात भिली बोलणारे एक कोटीच्या वर, पण भिली आठव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे सरकारी भाषांतराच्या यंत्रणेत ती मागे राहिली. १ सप्टेंबर २०२५ला जनजाती मंत्रालयाची ‘आदि वाणी’ ही भाषांतर-प्रणाली आली, तिच्या पहिल्या चार भाषांत भिली आहे. ही मनापासून चांगली गोष्ट. पण पोटात कसं दुखतं हे सांगायला बाईपाशी जे शब्द असतात, ते पुस्तकातले नसतात. ‘जीव घाबरतोय’, ‘पाय जड झाले’ हे मराठीतसुद्धा प्रत्येक घरात वेगळं. परीक्षामुखाची परंपरा इथं फार उपयोगी भेद करते. ज्ञानाचं प्रामाण्य ओळखीच्या परिस्थितीत आपोआप कळतं, अनोळखी परिस्थितीत मात्र ते दुसऱ्याकडून, बाहेरून ताडून घ्यावं लागतं. यंत्र जिथल्या भाषेवर, चेहऱ्यांवर शिकलं, तिथं ते भरवशाचं असेल. बदनावरच्या पलीकडं, डही-कुक्षीकडं गेलं की ते अनोळखी मुलखात आहे. तिथं बाहेरून ताडून घेणारं कुणीतरी हवंच: आशा, नर्स, दाई. सखी या बायांना जोडून देणारी असेल तर तिचं स्वागत. त्यांच्या जागी बसणारी असेल तर नाही.

आणि फोन? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्यप्रदेशात स्वतः वापरते असा मोबाईल असलेल्या बायका ३८.५ टक्के होत्या. देशात ५४ टक्के. म्हणजे सखी ज्या बाईसाठी काढली, तिच्यापर्यंत ती बहुधा नवऱ्याच्या किंवा दिराच्या फोनवरून पोचणार. मग तो रात्री पांघरुणातला प्रश्न कुणाच्या फोनमध्ये राहिला, आणि सकाळी कुणी वाचला?

‘सुमन’ हे नावही लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१९मधल्या ‘सुरक्षित मातृत्व आश्वासन’ या योजनेचं ते लघुरूप. सन्मानानं, मोफत उपचार, आणि कुणाही बाईला सेवा नाकारणं बिलकुल खपवून घेतलं जाणार नाही, असं आश्वासन त्यात आहे. मी तर म्हणते, कृत्रिम बुद्धिमत्तेची सातही सूत्रं बाजूला ठेवा, हे एक आश्वासन यंत्रांना लावा. सेवा नाकारायची नाही. पुरे आहे.

आता तिसऱ्या सूत्राबद्दल: अडवणुकीपेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य. बाजारासाठी हे चालेल. एखादं ॲप आवडलं नाही तर मी दुसरं घेते. रेशनला दुसरं दुकान नाही, अंगणवाडी दुसरी नाही, सरकार दुसरं नाही. जिथं माणसाला सोडून जायची सोय नाही, तिथं सूत्र उलटं वाचलं पाहिजे. आधी थांबा, तपासा, मग पुढं जा. दस्तऐवजानं बाजार आणि सरकारी सेवा यांना एकाच सूत्रात ओवलं, ही त्याची मोठी उणीव. वेगळ्या कायद्याची आज गरज नाही असंही त्यात म्हटलं आहे. पण ज्या बाईचा पोषण आहाराचा हक्क २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिलेला आहे, तो हक्क रोखायचा अधिकार नुसत्या एका सॉफ्टवेअरच्या रेषेला कुठल्या कायद्यानं दिला? सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८च्या आधार निकालात सांगितलं होतं, की आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा लाभ रोखता येणार नाही. ते वाक्य अंगणवाडीच्या भिंतीवर लावायला हवं.

‘अपाय करू नका’ हे तत्त्व वाचून आमच्या लोकांना आनंद होईल, अहिंसा आली म्हणून. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्रमाद हा शब्द आधी ठेवला आहे, आणि प्राण जाण्याची गोष्ट नंतर. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, बेपर्वाई. हेतू वाईट नसला तरी काळजी घेतली नाही, तर दोष लागतो. अधिकारी म्हणतो, मी नाकारलं नाही, सिस्टमनं नाकारलं. सिस्टमवाला म्हणतो, आम्ही नुसता आकडा देतो, निर्णय खात्याचा. हा जो मधला मोकळा भाग आहे, तोच प्रमाद. उत्तरदायित्वाचं पाचवं सूत्र तिथं पोचायला हवं, आणि पोचायचं तर ते एखाद्या पदाच्या नावानिशी पोचायला हवं.

विश्वास कसा तयार होतो हे बघायला लांब जायला नको. देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये तो छापतात. पाचशेची नोट भाजीवाली कशी घेते? उजेडात धरते, पाण्यातली छबी बघते, दोरा बघते, बोटानं खरखर चाचपते. नोट छापणाऱ्यांनी गृहीतच धरलं की लोक शंका घेणार, आणि शंका घ्यायची सोय नोटेतच ठेवली. ज्याला वाचता येत नाही, दिसत नाही, त्यालाही ती थोडीफार तपासता येते. सरकारी यंत्राला उजेडात धरायची अशी सोय आज नाही. तपासणी एकतर्फी चालते. ते आपल्याला तपासतं, आपण त्याला नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे, आणि तिला मोठं तंत्रज्ञान लागत नाही. यंत्राचा होकार प्रमाण माना, नकार मात्र नुसती शंका माना. शंका आली तर फेडायची जबाबदारी कार्यालयाची, बाईची नव्हे; आणि फिटेपर्यंत पाकीट तिच्या हातात. दीदीला ‘मी हिला ओळखते’ एवढं लिहून देता यावं, आणि त्यासाठी तिला नोटीस येऊ नये. नकाराचं कारण कागदावर, बाईच्या भाषेत, खाली सही करणाऱ्याच्या हुद्द्यासकट मिळावं. गावागणिक किती जणींना यंत्रानं परत पाठवलं, तो आकडा ग्रामसभेत मोठ्यानं वाचला जावा. आणि सुमन सखीला एक वाक्य आधी शिकवावं: ‘मला हे नक्की माहीत नाही, मी नर्सबाईंना जोडून देते.’ ‘स्यात्’ म्हणायला शिकणं ही आमच्याकडं कमजोरी समजत नाहीत. ज्याला आपल्या ज्ञानाची हद्द ठाऊक आहे, त्याच्याच बोलण्याला प्रमाण मानायची रीत आहे.

सात सूत्रं झाली. त्यांची टीका आता गावोगावच्या खिडक्यांवर लिहिली जाणार आहे, आणि ती लिहिणाऱ्या बायका बहुधा अंगठा लावणाऱ्या आहेत. त्यांचं ऐकलं गेलं तर ही सूत्रं प्रमाण ठरतील. नाही ऐकलं, तर प्रमाणासारखं दिसणारं जे असतं, त्याला धारेत फार पूर्वीच नाव देऊन ठेवलं आहे.